‘उपाशी या’

आमच्या सीमाभागातल्या गावांत ऑपरेशनची तारीख सुगी बघून ठरते. खानापूरकडच्या माझ्या मामांनीही भात घरात आल्यावरच हर्नियाचं मनावर घेतलं. बेळगावातल्या दवाखान्यातून एवढंच सांगितलं होतं, ‘‘सकाळी उपाशी या.’’ मामीनं पहाटे चारला उठून साबुदाण्याची खिचडी केली. उपाशी म्हणजे उपास, आणि उपासाला खिचडी चालते! दवाखान्यात नर्सबाईंनी कानडीत विचारलं, ‘‘ऊटा आतेन्रि?’’ मामा म्हणाले, ‘‘इल्लरी.’’ खोटं काही बोलले नाहीत. ऊटा म्हणजे जेवण, आणि जेवण झालंच नव्हतं. पुढं भूलतज्ज्ञांनी ‘‘शेवटचं तोंडात काय घातलंत?’’ असं विचारल्यावर खिचडी निघाली, तिच्यामागून बसस्टँडवरचा दुधाचा चहाही निघाला. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. ‘‘जेवलोय कुठं? नुसता चा घेतला की,’’ हे पालुपद दिवसभर चालू होतं.

एका घोट चहानं एवढं काय बिघडतं? पूर्ण भूल दिली की अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला आवळून धरणारा स्नायू सैल पडतो. घशात भलतं काही गेलं तर एरवी आपल्याला ठसका लागतो, तोही लागत नाही. पोटातलं अन्न आणि आम्ल वर येऊन श्वासनळीत उतरलं तर फुप्फुसं आतून भाजल्यासारखी होतात. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी तपासून असे ६६ प्रसंग मांडले. पुढे ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको’ हा नियम जगभर रुजला. मामांना तर कमरेखालचीच भूल मिळणार होती. पण पाठीतलं इंजेक्शन पुरेसं लागू पडलं नाही, तर आयत्या वेळी पूर्ण भूल द्यावी लागते. म्हणून पोट तिथंही रिकामंच हवं.

मात्र बारा वाजल्यापासून कोरडं ठेवण्याची ती शिस्त गरजेपेक्षा कडक होती. प्यायलेल्या पाण्यातलं निम्मं दहा-वीस मिनिटांतच जठरातून पुढे सरकतं. त्यामुळे आता आधी ठरवून केलेल्या ऑपरेशनांसाठी हिशेब असा धरतात: पाणी किंवा बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत, हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत आणि तेलातुपाचं आठ तास आधीपर्यंत. अंगावरच्या बाळाला आईचं दूध चार तास आधीपर्यंत चालतं. गाई-म्हशीचं दूध पातळ दिसलं तरी पाण्यात मोडत नाही. आम्लात ते फाटतं, त्याच्या गुठळ्या होतात, म्हणून त्याला खाण्यासारखेच सहा तास. मामांची खिचडी दाण्याच्या कुटाची आणि तेलाची, म्हणजे थेट आठ तासांच्या रांगेत. गरोदर बाई, जुना मधुमेह, आतड्याला अडथळा असलेला पेशंट यांचं घड्याळ वेगळं असतं, ते त्यांचे डॉक्टरच लावतात.

खरं तर घरोघरी उलटीच चूक जास्त होते. सकाळी नऊची वेळ दुपारी दोनवर जाते आणि माणूस आदल्या रात्रीपासून घोटभर पाण्याविना पडून असतो. डोकं दुखतं, मळमळतं, शीर सापडत नाही, शरीराची साखर वापरण्याची ताकदही कमी होते. वेळ पुढे गेली तर ‘‘आता पाणी देऊ का?’’ असं जाऊन विचारावं. विचारायला लाज कसली!

या काळात सर्वांत महाग पडते ती तंबाखू. निपाणीच्या आसपास तिच्यावरच घरं चालली, त्यामुळे ती सोडा म्हणणं सोपं नाही, हे मलाही कळतं. पण बिडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. बिडी थांबवली की साध्या हवेत दर चार-पाच तासांनी तो निम्मा होतो, म्हणजे आदल्या दिवशी थांबवली तरी फायदा आहेच. फुप्फुसांतला कफ नीट बाहेर टाकायला लागायला मात्र चारेक आठवडे लागतात. मळून खाल्लेल्या तंबाखूचा आणि मिश्रीचा धूर नसला, तरी निकोटीन असतंच. ते कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि जखमेला रक्त कमी पोचतं.

आदल्या रात्री घरी वस्तऱ्यानं केस काढून जाऊ नये. त्यानं डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात आणि जंतूंना आयती वाट मिळते. दवाखान्यात गरज पडली तर यंत्रानं केस कापतात. आणि वैद्यांचा काढा असो की रक्त पातळ करायची गोळी, घेत असाल ते सगळं पिशवीत घालून दाखवायला न्या.

दुसऱ्या दिवशी मामा वैतागले ते निराळ्याच कारणानं. तीन वेगवेगळ्या माणसांनी त्यांना नाव, आणि ऑपरेशन कोणत्या बाजूचं, हे विचारलं. ‘‘यांना माहीत नाही काय?’’ माहीत असतं, तरी विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेनं डॉ. अतुल गावंडे यांच्या पुढाकारानं ऑपरेशनच्या वेळी विचारून खात्री करायच्या १९ मुद्द्यांची एक यादी केली. गावंडे अमेरिकेत वाढले, पण त्यांचे वडील महाराष्ट्रातल्या उटी गावचे. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंती ११ वरून ७ टक्क्यांवर आल्या. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. अँटिबायोटिक औषध चिरण्याआधी तासाभरात दिलं का, हाही त्या यादीतलाच प्रश्न.

ऑपरेशन झालं आणि आमच्या घरच्यांची माया सुरू झाली. संध्याकाळी नर्सबाई मामांना उठवायला आल्या, तर मामी आडवी आली. ‘‘टाके उसवतील!’’ टाके चालण्यानं उसवत नाहीत. पोटाचा मजबूत पडदा शिवलेला असतो आणि कातडीच्या कडा एक-दोन दिवसांत वरून जुळून येतात. धोका पडून राहण्यात आहे. पोटरीचे स्नायू चालताना पिळले जातात, म्हणून पायातलं रक्त वर चढतं. ते थबकलं की शिरेत गुठळी धरते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. निजून दुखऱ्या पोटानं माणूस उथळ श्वास घेतो, फुप्फुसांचे खालचे कोपरे मिटतात आणि तिथं कफ साचतो. यावर उपाय फार साधा: पोटाशी उशी दाबून धरायची, मोठा श्वास घ्यायचा, खोकायचं आणि कॉटला धरून चार पावलं टाकायची. वेदना सोसत बसू नये. गोळी वेळेवर घेतली तरच माणूस उठतो.

पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर डॉक्टर रोज ‘‘वारा सरला का?’’ विचारतात आणि बायका पदर तोंडाला लावून हसतात. हाताळलेलं आतडं रुसतं. लहान आतडं बहुधा दिवसाच्या आत हलायला लागतं, मोठ्याला दोन-तीन दिवस लागतात. त्याची हीच पावती.

मग पथ्य. भात नको, टाके पिकतात. तुरीची डाळ नको, वांगं नको, अंडं उष्ण. उरली पेज! टाके पिकतात ते जंतूंमुळे, भातामुळे नव्हे. जखम भरते म्हणजे शरीर तिथं कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे दोर वळतं. त्याला कच्चा माल लागतो: डाळ, मटकीची उसळ, दही, अंडी, आणि दोर पक्के वळायला क जीवनसत्त्व, म्हणजे आवळा, पेरू, लिंबू. या दिवसांत किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिन धरतात. साठ किलोच्या माणसाला ते ७५ ते ९० ग्रॅम होतं, आणि एका अंड्यात जेमतेम सहा ग्रॅम. पेजेनं हा हिशेब जमायचा नाही.

टाके काढले म्हणजे जखम पक्की झाली, असंही नसतं. तिसऱ्या आठवड्यात जुन्या कातडीच्या जेमतेम पाव ताकद आलेली असते, तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास पोचते आणि तिथंच थांबते. हर्नियात तर पडदाच फाटका होता, म्हणून वजन उचलायचं कधी, हे डॉक्टरांनाच विचारायचं. ताप, जखमेतून पू, एकाच पोटरीला सूज किंवा अचानक धाप यातलं काही दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच निघायचं.

तिसऱ्या आठवड्यात मामीचा फोन आला. मामा भाताच्या पोत्याशी सापडले होते. मागून त्यांचा आवाज ऐकू येत होता, ‘‘उचललंय कुठं? नुसतं ढकललं की.’’