कुकी पॉप

काडीवर बसवून वितळलेल्या चॉकलेटात बुडवलेले बिस्किट. अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत हॅलोविन (३१ ऑक्टोबर), नाताळच्या सुटीआधीचे शेवटचे दिवस आणि व्हॅलेंटाइन डे (१४ फेब्रुवारी) या निमित्तांनी वर्गावर्गांत छोट्या पार्ट्या होतात, आणि तिथल्या खाऊत हा पदार्थ नेहमी दिसतो. बिस्किट घरी भाजलेले असू शकते, पण बहुतेक घरांत दुकानातले क्रीमचे बिस्किट, त्यातही ओरिओच, वापरतात. त्यामुळे याला पाककृती म्हणायला काही सुगरणी नाक मुरडतात. मात्र पंचवीस नग एकसारखे, न मोडता आणि न ओघळता वर्गापर्यंत पोचवायचे म्हटले की यात हाताचे कसब किती लागते ते कळते.

वर्गातले स्थान

वर्गशिक्षक आणि ‘रूम पेरेंट’ म्हणून पुढे आलेला एखादा पालक मिळून पार्टी ठरवतात. कोणी फळे आणायची, कोणी सरबत, कोणी कागदी ताटल्या, अशी यादी घराघरांत वाटली जाते. पार्टी बहुधा दुपारी, शाळा सुटण्याआधी उरकते. केक नेला तर सुरी लागते, ताटल्या लागतात, तुकडे लहानमोठे होतात आणि ‘तिला क्रीमचं फूल मिळालं, मला नाही’ हे रडगाणे सुरू होते. कपकेकने वाटणीचा प्रश्न सुटतो, पण आयसिंग बाकावर, बाहीवर आणि शेजारच्या मुलीच्या वेणीला लागते. कुकी पॉपमध्ये दोन्ही कटकटी टळतात. एका मुलाला एक, सगळे सारखे, आणि काडी धरल्यामुळे हात कोरडे. ज्याला तेव्हा नको असेल तो पिशवीसकट दप्तरात टाकून घरी नेतो. चव बेताचीच असूनही शाळेत हा पदार्थ टिकला तो या सोयीमुळे.

सामान कसे जमत गेले

कुकी पॉपला एक असा जनक नाही. त्याचे एकेक अंग वेगवेगळ्या ठिकाणी तयार झाले. नॅशनल बिस्किट कंपनीने (पुढे नॅबिस्को) ओरिओ १९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काढले. त्याच बांधणीचे हायड्रॉक्स त्याआधी चार वर्षे, १९०८ पासून, बाजारात होते, पण नाव ओरिओचे झाले. ब्रिटनमध्ये मॅक्व्हिटीजने १९२५ मध्ये डायजेस्टिव्ह बिस्किटाला एका अंगाने चॉकलेट लावले. चॉकलेटचे कवच आणि काडी यांची गाठ मात्र आइसक्रीमने घातली : ओहायो राज्यातल्या यंग्जटाउन गावचे हॅरी बर्ट यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला चॉकलेटने मढवलेल्या आइसक्रीमच्या वडीला लाकडी काडी लावली आणि ती ‘गुड ह्यूमर’ या नावाने विकली. जपानच्या ग्लिको कंपनीची पॉकी (१९६६) ही याच कुळातली, फक्त तिथे बिस्किट हीच काडी. पुढे १९७० च्या दशकात दुप्पट क्रीमचे ओरिओ आले, १९८७ मध्ये चॉकलेटने मढवलेले. २००८ च्या सुमारास केकचा चुरा क्रीममध्ये मळून, गोळे वळून काडीवर लावण्याची लाट अमेरिकेत आली आणि २०११ मध्ये स्टारबक्सनेही केक पॉप विकायला ठेवले. कुकी पॉपमध्ये मळण्यावळण्याचा तो खटाटोप नाही, म्हणून शाळेसाठी तोच बरा पडतो.

काडी

पॉप बिघडतो तो बहुतेक वेळा काडीपाशी. लॉलीपॉपची कागदी काडी साधारण ४ मिलिमीटर जाड असते आणि साध्या ओरिओतला क्रीमचा थर त्याहून पातळ. तिथे काडी नुसती रेटली तर वरचे बिस्किट तडकते, किंवा त्या वेळी तग धरते आणि बुडवताना नेमके कपात गळून पडते. दुप्पट क्रीमच्या बिस्किटात काडी हलक्या हाताने, गोल फिरवत आत नेता येते. अमेरिकेतल्या आया तेच पाकीट उचलतात ते यासाठी. साधेच बिस्किट असेल तर ते पिळून उघडायचे, क्रीमवर काडी दाबून तिची खोबण पाडायची, खोबणीत वितळलेल्या चॉकलेटचा थेंब सोडून काडी बसवायची आणि झाकण परत लावायचे. हे चॉकलेट आळले की तेच सांध्याचे काम करते. काडी बिस्किटाच्या मध्यापर्यंत तरी जायला हवी. कडेला अडकवलेली काडी मुलाच्या पहिल्याच घासाला निखळते.

काडी बसवलेली बिस्किटे दहा-पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवतात. त्यानंतर थोडा वेळ बाहेर ठेवणेही तितकेच गरजेचे आहे, आणि घाईत नेमके हेच राहून जाते. गार बिस्किट गरम चॉकलेटात गेले की वरचा थर झटकन आळतो. मग आतले बिस्किट खोलीच्या तापमानाला येताना फुगते आणि कवचाला केसासारखी भेग जाते.

बिस्किट घरी भाजायचे असेल तर कणकेची पोळी सुमारे १ सेंटिमीटर जाड ठेवतात आणि काडी भाजण्यापूर्वीच आत घालतात. अशा वेळी काडी भट्टीत चालणारी, कागदाची किंवा लाकडाची हवी. प्लॅस्टिकची वितळते.

चॉकलेट की कंपाउंड

खरे चॉकलेट म्हणजे कोको बटर असलेले. कोको बटरची चरबी सहा वेगवेगळ्या रूपांत गोठू शकते आणि त्यातले एकच, सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळणारे, आपल्याला हवे असते. चकाकी, तोडताना येणारा ‘कट्’ आवाज आणि बोटाला न चिकटणारा पृष्ठभाग हे सगळे त्या रूपामुळे मिळते. ते मिळवण्यासाठी डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवून २७-२८ पर्यंत उतरवायचे आणि पुन्हा ३१-३२ वर आणायचे. दुधाच्या चॉकलेटला शेवटचा टप्पा २९-३० चा. याला टेंपरिंग म्हणतात. ते चुकले तर पॉप तासन्‌तास मऊ राहतात आणि दोन दिवसांत त्यांच्यावर राखाडी पट्टे उमटतात. खायला त्याने अपाय नसतो, पण बुरशी समजून पालक डबा परत पाठवतात.

या भानगडीतून सुटका म्हणून कंपाउंड वापरतात. त्यात कोको बटरऐवजी पामच्या गरापासून काढलेली वा तत्सम वनस्पती चरबी असते. ती नुसती वितळवली, बुडवले, की आपोआप नीट गोठते. अमेरिकेत विल्टन कंपनीच्या ‘कँडी मेल्ट्स’ नावाच्या रंगीत चकत्या यासाठी प्रसिद्ध आहेत. तिथल्या नियमानुसार अशा लेपाला वेष्टनावर निव्वळ ‘चॉकलेट’ म्हणता येत नाही. जाणकार कंपाउंडला हसतात आणि चवीच्या बाबतीत त्यांचे बरोबरच आहे : जिभेवर मेणचट थर राहतो. तरीही सात वर्षांच्या पंचवीस मुलांसाठी, सजावटीला रंग हवे असताना आणि डबा बसच्या उन्हात अर्धा तास राहणार असताना, कंपाउंड हाच शहाणपणाचा पर्याय आहे. खरे चॉकलेट मोठ्यांच्या पार्टीसाठी राखावे.

दोन्हींचा शत्रू एकच, पाणी. ओला चमचा, डबल बॉयलरची (उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्याची) वाफ, भांड्याच्या बुडाला राहिलेला थेंब, एवढ्यानेही साखरेचे कण एकमेकांना धरतात आणि पातळ चॉकलेटचा बघता बघता घट्ट, खरखरीत लगदा होतो. म्हणूनच ते पातळ करायला दूध किंवा लोणी घालत नाहीत. लोण्यातही पाण्याचा अंश असतोच. खोबरेल तेलाचा किंवा वनस्पती तुपाचा चमचाभर पुरतो. खाण्याचा रंगही तेलात विरघळणाराच लागतो, केकच्या क्रीमसाठी असलेला पाण्याचा रंग इथे घात करतो. मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या शक्तीवर तीस-तीस सेकंद ठेवून दर वेळी ढवळायचे, आणि चार खडे शिल्लक असतानाच बाहेर काढायचे. ते ढवळण्यात विरघळतात.

बुडवणे आणि सजावट

पसरट वाडगा कामाचा नाही. उंच, अरुंद पेला घ्यावा, म्हणजे थोड्या चॉकलेटात बिस्किट पुरते बुडते. एकदाच सरळ आत, काडीच्या मुळाशी अर्धा सेंटिमीटर वर चॉकलेट चढेपर्यंत, आणि सरळ बाहेर. मुळाशी राहिलेली फट नुसती दिसायलाच वाईट असे नाही. चरबीचे कवच बिस्किटाला दमटपणापासून वाचवते आणि फट राहिली की हवा तिथूनच शिरून बिस्किट सादळते. जादा चॉकलेट झटकायला काडी आपटत नाहीत. पॉप धरलेल्या हाताचे मनगट दुसऱ्या हाताने हलकेच ठोकतात आणि काडी फिरवत राहतात. बिस्किटाच्या बाजूंवरची नक्षी पुसट दिसू लागली की थर योग्य. वाळवण्यासाठी थर्माकोलच्या ठोकळ्यात उभे खोचतात किंवा बटरपेपरवर आडवे ठेवतात. आडवे ठेवल्याने एक बाजू सपाट होते, पण चेहरा काढायचा असेल तर तीच मागची बाजू.

हॅलोविनचा सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात यशस्वी नमुना म्हणजे ममी. पांढऱ्या कंपाउंडात बुडवलेला पॉप आळला की उरलेले पांढरे प्लॅस्टिकच्या कोनात भरून, टोक सुईएवढे कापून, आडव्यातिडव्या रेघा झपाट्याने ओढायच्या. रेघा वेड्यावाकड्या असतील तितक्या चांगल्या, कारण त्या कापडाच्या पट्ट्या वाटायला हव्यात. मधे एक फट मोकळी सोडून साखरेचे दोन डोळे चिकटवायचे, एक जरा वर, एक जरा खाली. त्या तिरकसपणातच गंमत आहे. डोळे मोजूनमापून एका रेषेत बसवले की ममी पांढऱ्या घुबडासारखी दिसते. नाताळला तपकिरी पॉपवर प्रेट्झेल या खारट, वेटोळ्याच्या बिस्किटाच्या तुकड्यांची शिंगे आणि तांबड्या गोळीचे नाक लावून रेनडिअर करतात. व्हॅलेंटाइनला गुलाबी रंग आणि वर रंगीत दाणे. हे दाणे चॉकलेट ओले असतानाच टाकायचे असतात, त्यामुळे एकाने बुडवायचे आणि दुसऱ्याने शिंपडायचे अशी जोडी लागते. घरातल्या मुलांना शिंपडण्याचेच काम द्यावे.

शाळेचे नियम

अमेरिकेत २००४ च्या कायद्याने, सरकारी मदतीची भोजन योजना राबवणाऱ्या शाळाजिल्ह्यांना (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळांना) पोषणविषयक धोरण आखणे बंधनकारक झाले. २०१४ पासून शाळेत विकल्या जाणाऱ्या खाऊला साखर, चरबी आणि उष्मांकांच्या मर्यादा आहेत. पार्टीसाठी घरून फुकट आणलेला खाऊ या विक्रीच्या मर्यादेत येत नाही, त्याचे नियम प्रत्येक जिल्हा स्वतः ठरवतो. कुठे महिन्यातून एकदाच गोड चालते, कुठे खाऊच बंद करून पेन्सिली वाटतात.

त्याहून कडक प्रश्न अ‍ॅलर्जीचा. वेष्टनावर दूध, अंडे, मासे, कवचधारी जलचर, काजू-बदामासारखा सुकामेवा, शेंगदाणे, गहू आणि सोया या आठ घटकांचा स्पष्ट उल्लेख २००६ पासून सक्तीचा आहे. २०२३ पासून तिळाचीही त्यात भर पडली. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला अंशमात्रही जिवावर बेतू शकतो, म्हणून अनेक शाळा घरी केलेला पदार्थ घेतच नाहीत, मूळ वेष्टनातलाच मागतात. कुकी पॉप इथे अडतो. बिस्किट आणि चकत्या दोन्ही पाकिटातल्या असल्या तरी स्वयंपाकघर घरचेच. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांना हे चांगलेच ठाऊक आहे. शेंगदाण्याची चिक्की आणि तिळगूळ वर्गात नेण्याचा विचारही करता येत नाही. पॉप चालणार असेल तर आधी शिक्षकांना विचारून, लेबलांचे फोटो पाठवून मगच.

महाराष्ट्रात

भारतात ओरिओ २०११ मध्ये आले आणि बिनअंड्याचे असल्यामुळे घरगुती बेकिंगमध्ये लगेच रुळले. कंपाउंडच्या लाद्या केकचे सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास काड्या, सेलोफेनच्या पिशव्या आणि साचेही मिळतात. पुणे जिल्ह्यातल्या मंचरची मोर्डे कंपनी या धंद्यातले जुने नाव आहे. रंगीत दाण्यांऐवजी मुखवासाची रंगीत बडीशेप लावणारेही आहेत आणि ती चॉकलेटवर खरोखर छान लागते.

मुंबई-कोकणच्या हवेत मुख्य अडचण दमटपणाची. फ्रिजमधून काढलेल्या पॉपवर लगेच दव धरते, त्यात साखर विरघळते आणि वाळल्यावर पांढरट, खरबरीत डाग राहतात. यावर उपाय म्हणजे पॉप आधी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून मगच फ्रिजमध्ये ठेवणे, आणि डबा बाहेर काढल्यावर घरातल्या हवेइतका गरम होईपर्यंत न उघडणे.

शाळेत नेण्याबाबत इथेही चौकशी करावी लागते. २०१७ मध्ये राज्य शासनाने शाळांच्या उपाहारगृहांत चॉकलेट, केक, बिस्किटांसह जास्त साखर-मीठ-चरबीच्या पदार्थांना मनाई केली. केंद्राच्या २०२० च्या नियमांनी अशा पदार्थांची विक्री शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत बंद केली. ही बंधने विक्रीवर आहेत. पण वाढदिवसाला वर्गात चॉकलेट वाटू नये, असे बऱ्याच शाळा पालकांना स्वतःहून कळवतात. बालदिन (१४ नोव्हेंबर) तर बरेचदा दिवाळीच्या सुटीला लागून येतो आणि फराळाने तोंडे गोड झालेली असतात. त्यामुळे इथे कुकी पॉप शाळेपेक्षा सोसायटीतल्या वाढदिवसांत, रिटर्न गिफ्टच्या पिशवीत जास्त दिसतो. घरगुती बेकर त्याची नगावर ऑर्डर घेतात. त्यांना अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते.