नाशिकची ती रिक्षा आणि वाळीत टाकण्याविरुद्धचा कायदा

जून २०१३च्या अखेरीस नाशिकमध्ये एका बापाने आपल्या लेकीचा रिक्षात दोरीने गळा आवळला. ती गरोदर होती, दिवस भरत आले होते. तिने जातीबाहेर लग्न केले होते. आजी आजारी आहे, तुला भेटायचे म्हणते, असे सांगून बापाने तिला सासरहून बाहेर काढले. आजीचे नाव घेतल्यावर कोणती नात थांबेल?

रागाच्या भरात बापाने केलेला खून, एवढ्यावरच हे प्रकरण पोलीस ठाण्याच्या दप्तरात राहिले असते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी खोलात जाऊन चौकशी केली, तेव्हा त्यामागचा जातपंचायतीचा जाच पुढे आला. हा बाप भटक्या समाजातला, अत्यंत गरीब. अशा घराला वाळीत टाकले की रोटीबेटीचा व्यवहार तुटतो. लग्नाला कोणी बोलावत नाही, मयताला कोणी येत नाही आणि धाकट्या भावंडांची लग्ने अडतात. परत जातीत यायचे तर पंच सांगतील तो दंड भरायचा. या धाकामुळे बापाचा गुन्हा तसूभरही हलका होत नाही. पण धाक घालणारे मोकळेच राहतात, हे त्या खुनाने उघडे पडले.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी हा विषय लगेच हाती घेतला. ‘जातपंचायतीला मूठमाती’ अभियान सुरू झाले, नाशिकला परिषद भरली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचाच खून झाला. अभियान मात्र थांबले नाही. वेगवेगळ्या जातींतली माणसे आपापल्या पंचांविरुद्ध बोलू लागली, काही पंचायती स्वतःहून बरखास्तही झाल्या. कोकणातून गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी आल्या. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण वाळीत टाकणे हे फक्त भटक्यांचेच दुखणे आहे, असा आपल्याकडे सोयीचा समज असतो.

तक्रारी आल्या, पण कलम कोणते लावायचे? खंडणी, धमकी, मारहाण यांना कलमे होती, बहिष्काराला नव्हते. खरे तर ते एकदा होते. मुंबई प्रांताने १९४९ मध्येच बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक संप्रदायाच्या स्वायत्ततेच्या मुद्द्यावर तो रद्द ठरवला. घटनापीठातील पाचपैकी सरन्यायाधीश सिन्हा यांनी विरोधी मत नोंदवले होते. पुढची पन्नासहून अधिक वर्षे ही जागा रिकामीच राहिली. १९६२च्या त्या निकालाच्या फेरविचाराचा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला.

एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती मिळून ३ जुलै २०१७ रोजी तो लागू झाला. असा कायदा करणारे महाराष्ट्र पहिलेच राज्य. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवावा, असेही त्यात म्हटले आहे.

२०१७ मध्येच नाशिकच्या सत्र न्यायालयाने त्या बापाला फाशी सुनावली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण फाशीऐवजी कोणतीही सूट न देता वीस वर्षे सक्तमजुरी दिली. दारुडा बाप, हलाखी, लहान वयातच सुटलेली शाळा, असे या माणसाचे बालपण न्यायालयाने विचारात घेतले. मला हा निकाल योग्य वाटतो. त्याला फासावर चढवून पंचांच्या बैठकीतली एक सतरंजीही हलली नसती.

कायद्याची खरी अडचण वेगळीच आहे. पंचांविरुद्ध साक्ष द्यायची ती त्याच वस्तीतल्या, त्याच आडनावाच्या माणसांनी. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर या कायद्याखालचा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो. दंड भरून जातीत परतण्याची सवय झालेल्या घराकडे ही संमती मागायला कोण येते, हे त्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक असते.