बर्बन आणि स्कॉच: फरक कुठे पडतो आणि प्यावी कशी

दुकानाच्या फळीवर बर्बन आणि स्कॉच शेजारी शेजारी मांडलेल्या असतात, दोन्हींचा रंग सोनेरी-तांबूस असतो आणि दोन्हींच्या बाटलीवर व्हिस्की असेच लिहिलेले असते, त्यामुळे बर्बन म्हणजे अमेरिकेत बनलेली स्कॉच, असा समज आपल्याकडे सहज होतो. प्रत्यक्षात या दोन व्हिस्कींचे धान्य वेगळे आहे, हवामान वेगळे आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्या लाकडात त्या मुरतात त्याविषयीचे नियमही वेगळे आहेत. हा लाकडाचा भाग नीट समजला की कोणती व्हिस्की कशी प्यावी याचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते.

आधी धान्याचे पाहू. अमेरिकी कायद्याप्रमाणे बर्बनसाठी वापरलेल्या धान्यात किमान ५१ टक्के मका असावा लागतो. उरलेल्या भागात थोडी मोड आणलेली बार्ली असते आणि तिच्या जोडीला बहुधा राय हे धान्य असते. मेकर्स मार्कसारख्या काही बर्बनमध्ये रायऐवजी गहू घालतात, त्यामुळे ती अधिक मऊ लागते, तर राय जास्त असलेल्या बर्बनला मिरीसारखा झणका येतो. बर्बन अमेरिकेतील केंटकी राज्यातच बनली पाहिजे असे नाही. ती अमेरिकेत कुठेही बनवता येते, मात्र बहुतेक बर्बन केंटकीतूनच येते. स्कॉचमधील सिंगल माल्ट ही फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून, एकाच डिस्टिलरीत, पॉट स्टिल या मद्य गाळण्याच्या तांब्याच्या भांड्यात तयार होते. जॉनी वॉकरसारख्या ब्लेंडेड स्कॉचमध्ये माल्टबरोबर गहू किंवा मक्यापासून काढलेली ग्रेन व्हिस्की मिसळलेली असते.

आता लाकडाकडे वळू. बर्बन ओकच्या नव्या, आतून जाळलेल्या पिंपातच मुरवावी लागते. पिंपाच्या आतल्या बाजूला थेट आग लावतात. खूप खोल जाळायचे असले तरी मिनिटभराच्या आतच ते काम उरकते आणि लाकडाचा पृष्ठभाग मगरीच्या पाठीसारखा भेगाळतो. या उष्णतेने लाकडातील लिग्निन या घटकापासून व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन तयार होते, लाकडातील शर्करा जळून कॅरॅमलचा वास येतो, आणि केंटकीच्या कडक उन्हाळ्यात मद्य लाकडात खोलवर शिरून हे सगळे घेऊन बाहेर येते. बर्बनमधील व्हॅनिला, कॅरॅमल, खोबऱ्याकडे झुकणारा गोडवा आणि गडद रंग हे सारे त्या एका पिंपाचे देणे आहे. स्ट्रेट बर्बनमध्ये, म्हणजे किमान २ वर्षे मुरलेल्या बर्बनमध्ये, बाहेरून रंग घालण्यास तर परवानगीच नाही.

बर्बनसाठी वापरलेले पिंप पुन्हा बर्बनसाठी वापरता येत नाही. मग अशी हजारो पिंपे जातात कुठे? त्यांतली फार मोठी संख्या स्कॉटलंडला जाते. स्कॉचच्या नियमांत नव्या लाकडाची सक्ती नाही. ओकचे पिंप ७०० लिटरपेक्षा मोठे नसावे आणि मद्य किमान ३ वर्षे स्कॉटलंडमध्येच मुरावे, एवढी अट आहे. पहिल्या वापरात लाकडाचा जोर बराच ओसरलेला असल्यामुळे स्कॉचमध्ये बार्लीचा स्वतःचा स्वाद, फळांचा आणि मधाचा वास झाकला जात नाही. स्पेनमधील शेरी या वाईनची पिंपे वापरली तर मनुका, अंजीर आणि सुक्या मेव्याची छटा येते; ग्लेनफार्क्लस हे त्याचे चांगले उदाहरण. स्कॉचमध्ये रंगासाठी साधे कॅरॅमल घालता येते, म्हणून गडद रंग पाहून ती जुनी किंवा उंची आहे असे ठरवणे चूक आहे.

वयाचा गोंधळही इथेच सुटतो. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत १२ वर्षे ही माल्टची सर्वसाधारण सुरुवात मानली जाते, पण केंटकीच्या उन्हात, नव्या लाकडात १२ वर्षे काढलेली बर्बन चांगलीच जुनी असते आणि त्यापुढे तिच्यात लाकडाचा कडवटपणा वरचढ होऊ लागतो. म्हणून ६ वर्षांची बर्बन १२ वर्षांच्या स्कॉचपेक्षा कमी दर्जाची, हा हिशेब लावू नये. गोव्यातील पॉल जॉन या माल्टवरही हेच दिसते: धान्य स्कॉचप्रमाणे बार्लीचे, पिंपे बहुतांशी बर्बनची, आणि उष्ण हवेमुळे मद्य फार लवकर मुरते.

धूर हा स्कॉचचाच, पण सगळ्या स्कॉचचा नव्हे. मोड आलेली बार्ली वाळवताना पीट, म्हणजे दलदलीत साठलेल्या कुजक्या वनस्पतींचे जळण, जाळले तर त्याचा धूर दाण्यात उतरतो. इस्ले बेटावरील लॅफ्रॉइग, आर्डबेग आणि लागावुलिन त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. त्यांत आयोडीन, राख आणि समुद्राचा वास येतो. स्कॉटलंडच्याच स्पेसाइड भागातील बहुतेक माल्टमध्ये मात्र धूर जवळपास नसतो. 'स्कॉच मला सोसत नाही' असे म्हणणाऱ्यांनी पुष्कळदा फक्त इस्लेची चव घेतलेली असते, याचे मला वाईट वाटते.

पिण्याच्या बाबतीत पहिला पेग ३० मिलीचाच घ्यावा आणि तोही बर्फाशिवाय. ग्लास तोंडाशी अरुंद असावा, नाक त्यात खुपसू नये आणि वास घेताना ओठ किंचित उघडे ठेवावेत, म्हणजे अल्कोहोलची झळ लागत नाही. एक घोट घेतल्यावर चमच्याने पाण्याचे काही थेंब घालून पुन्हा वास घ्यावा. स्कॉचच्या माल्टमध्ये हा बदल विशेष स्पष्ट कळतो. भरपूर बर्फाने जीभ बधिर होते आणि नाजूक वास दबून जातो, म्हणून चांगल्या माल्टवर बर्फ ओतणे मला पटत नाही. बर्बन मात्र बर्फाच्या एका मोठ्या खड्यावर टिकते, कारण तिचा गोडवा जाड असतो. ओल्ड फॅशन्ड हे कॉकटेल किंवा केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी पितात ते पुदिन्याचे मिंट जुलेप याच ताकदीवर उभे आहे. सोडा घालायचाच असेल तर ब्लेंडेड स्कॉचमध्ये घालावा. ती त्यासाठी योग्य आहे.

चकण्याचाही विचार करावा. तिखट शेव किंवा मसाला शेंगदाणे आधी खाल्ले तर जीभ पोळलेली असते आणि दोन्ही व्हिस्की सारख्याच लागतात. बर्बनबरोबर खारे काजू किंवा भाजलेले शेंगदाणे बरे, आणि धुरकट स्कॉचबरोबर इस्लेमध्ये कालवे खातात. कोकणात कालवे खाणाऱ्यांना हा मेळ लगेच पटेल. दोन्ही एकाच बैठकीत चाखायच्या असतील तर धूर नसलेली माल्ट आधी, बर्बन त्यानंतर आणि पीटची स्कॉच सर्वांत शेवटी घ्यावी, कारण तो धूर एकदा जिभेवर बसला की साध्या पाण्याचा पेला रिचवूनही बराच वेळ दुसरी कुठलीच चव नीट लागत नाही.