आधी काय, मग काय: व्यसनाचा गुंतागुंतीचा रुग्ण आणि फॅमिली डॉक्टरचं शिक्षण

हेरॉइन अचानक सोडलेला माणूस आठवडाभर तळमळतो. जुलाब, उलट्या, हाडं मोडल्यासारखं अंग, डोळ्याला डोळा नाही. पण पोटात पाणी जात राहिलं तर त्यातून तो सहसा वाचतो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एका रात्रीत बंद केली तर मात्र जिवावर बेतू शकतं. घरच्यांचा समज नेमका उलटा असतो: दारू काय, मनावर घेतलं की सुटते. आणि ‘आजपासून थेंबभरही नाही’ हा सल्ला दवाखान्यातूनही दिला जातो, पुढचामागचा एकही प्रश्न न विचारता.

व्यसन असलेला माणूस बहुतेकदा आधी भेटतो तो फॅमिली डॉक्टरला, मानसोपचारतज्ज्ञाला नव्हे. तोही व्यसनासाठी येत नाही. ॲसिडिटी, झोप, बीपी किंवा पडून लागलेला मार घेऊन येतो. म्हणून या डॉक्टरांसाठी व्यसनावरचे अभ्यासवर्ग भरतात. त्यात औषधांची नावं आणि डोस हा सोपा भाग, तो मोबाइलवर मिनिटात सापडतो. अवघड आहे तो क्रम: आधी काय, मग काय, आणि कशाच्या जोडीला काय द्यायचं नाही. गुंतागुंतीच्या रुग्णात घोटाळा होतो तो पुष्कळदा बरोबर औषध चुकीच्या दिवशी दिल्याने.

सुरुवात मोजण्यापासून. ‘कधीतरी घेतो’ हे उत्तर नोंदवून काही उपयोग नाही, ग्रॅम काढायचे. मिलिलिटर गुणिले टक्केवारी गुणिले ०.७९, भागिले १००. ७५० मिलिलिटरच्या, ४० टक्के तीव्रतेच्या बाटलीत २३७ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. १० ग्रॅमचं एक प्रमाणित माप धरलं, तर ती बाटली म्हणजे जवळजवळ २४ मापं. ५०० मिलिलिटर बिअर ५ टक्क्यांची असेल तर दोन मापं, ८ टक्क्यांची असेल तर तीनहून थोडी जास्त. ‘मी फक्त बिअर पितो’ म्हणणाऱ्यासमोर हा हिशेब कागदावर मांडला की बोलणं पुढे सरकतं. चाळणीसाठी ऑडिट-सी नावाचे तीन प्रश्न पुरतात: किती वेळा पिता, पिता त्या दिवशी किती पिता, आणि एका बैठकीत सहा किंवा जास्त मापं किती वेळा होतात. १२ पैकी पुरुषांत ४ आणि स्त्रियांत ३ गुण आले की खोलात जाऊन विचारायचं.

मग शेवटचा पेग कधी घेतला ते. पुढचं वेळापत्रक सगळं त्यावर चालतं. दारू मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाचा दाबते. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदू तोल सांभाळण्यासाठी उलट बाजूला बळ वाढवत नेतो. गाबाला दाद देणं कमी, ग्लुटामेट पकडणारे रिसेप्टर जास्त. रस्सीखेचीत समोरच्याने एकदम दोर सोडला की आपली बाजू जोरात मागे कोसळते, तसं दारू बंद होताच होतं. पहिल्या ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं. फिट येणार असेल तर बहुधा ६ ते ४८ तासांत येते. डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे बरळणं, भास, ताप, दिवसरात्रीचं भान जाणं, हे ४८ ते ९६ तासांत. मोडलेल्या हाडासाठी दाखल झालेला शांत गृहस्थ तिसऱ्या रात्री सलाईन उपटून पळायला लागतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. दाखल करताना दारूचं कुणी विचारलेलंच नसतं. अशी माघार, म्हणजे व्यसन थांबल्यावर उठणारा हा त्रास, जितक्या वेळा झाली असेल तितकी पुढची कठीण जाते, म्हणून ‘याआधी सोडली होती तेव्हा फिट आली होती का?’ हा प्रश्न रक्ताच्या कुठल्याही तपासणीइतका मोलाचा.

त्रास किती आहे हे मोजायला सीवा-एआर हा दहा मुद्द्यांचा तक्ता वापरतात, कमाल ६७ गुण. वाचून तो येत नाही, हाताने करावा लागतो. रुग्णाला दोन्ही हात पुढे, बोटं फाकवून धरायला सांगायचं. थरथर दिसत नाही पण आपली बोटं त्याच्या बोटांच्या टोकांना लावल्यावर जाणवते, तर १ गुण. हात पुढे धरल्यावर मध्यम थरथर दिसते, तर ४. हात पुढे न धरताही जोरात थरथरतात, तर ७. घामाचंही तसंच: तळवे जेमतेम ओलसर १, कपाळावर थेंब ४, अंग निथळतंय तर ७. साधारण ८ ते १० च्या खाली औषधाविना, पण लक्ष ठेवून भागतं. १५ च्या वर गेलं की घरी ठेवण्याचा विचार सोडायचा. गंमत म्हणजे या तक्त्यात नाडी आणि बीपी नाहीत, ते वेगळं पाहावं लागतं. त्यातही रुग्ण बीपीसाठी बीटा-ब्लॉकर घेत असेल तर नाडी संथ दिसते, थरथरही कमी दिसते आणि डॉक्टर निर्धास्त होतो.

माघारीचं औषध म्हणजे बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या, पाच-सात दिवस, डोस रोज उतरवत. यकृत बरं असेल तर डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड. ती शरीरात रेंगाळतात, त्यामुळे उतरण सौम्य होते. यकृत खराब असेल किंवा वय जास्त असेल तर हेच रेंगाळणं अंगाशी येतं, म्हणून लोराझेपाम. एका वेळी एक-दोन दिवसांच्याच गोळ्या द्याव्यात आणि त्या घरातल्या जबाबदार माणसाच्या हातात असाव्यात.

याच्याही आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. पेशींना ग्लुकोज जाळायला ते लागतं आणि शरीरातला साठा जेमतेम ३० मिलिग्रॅमचा, दोन-तीन आठवडे पुरेल एवढा. पिणारा माणूस जेवत नाही, आणि दारू आतड्यातून थायमिन शोषूही देत नाही. साठा संपत आलेल्या माणसाला नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं की उरलंसुरलं थायमिन त्यात खर्च होतं आणि वेर्निके हा मेंदूचा आजार उफाळू शकतो. पाठ्यपुस्तकात त्याची तीन लक्षणं दिलेली असतात: गोंधळ, तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या, शवविच्छेदनावर आधारलेल्या एका अभ्यासात हा आजार झालेल्यांपैकी फक्त १६ टक्के रुग्णांत ही तिन्ही जिवंतपणी नोंदलेली आढळली. म्हणजे तिन्हींची वाट पाहणारा डॉक्टर बहुतेक रुग्ण हुकवणार. शंका आली की इंजेक्शनने आणि भरपूर. गोळीवर विसंबून राहायचं नाही. मॅग्नेशियम कमी असेल तर थायमिन देऊनही गुण येत नाही, तेही तपासून भरून काढावं लागतं. साखर धोकादायकरीत्या घसरलेली असेल तर मात्र थायमिनसाठी ग्लुकोज अडवून धरायचं नाही; दोन्ही एकदमच द्यायची.

इथवर एकाच व्यसनाची गोष्ट झाली. प्रत्यक्षात येणारा रुग्ण असा असतो असं समजा: वय पन्नाशीचं, रोज अर्धी बाटली. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि सल्फोनिलयुरिया गटातली गोळी. पाठदुखीसाठी दोन वर्षं रोज ट्रामाडॉल, झोपेसाठी अल्प्राझोलाम, तीही बेन्झोडायझेपिन गटातलीच. मन उदास. आणि तो म्हणतोय, ‘डॉक्टर, सगळं एकदम सोडायचंय.’

उत्साह चांगला आहे, पण ‘एकदम’ हा शब्द इथे घातक. ट्रामाडॉल अफूच्या जातीचं असलं तरी सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिनवरही काम करतं आणि फिट येण्याचा धोका वाढवतं. दारूची माघार तोच धोका वाढवते, आणि अल्प्राझोलाम अचानक बंद केलं तर तेही. तिन्ही एकाच आठवड्यात आली तर काय होईल हे सांगायला नको. वर जेवण बंद असताना सल्फोनिलयुरिया साखर पाडत राहते, आणि यकृताची नवी साखर तयार करण्याची वाट दारूने आधीच रोखलेली असते. उलट्या होऊन शरीर कोरडं पडलं तर मेटफॉर्मिनमुळे लॅक्टिक आम्ल साचण्याची भीती. यातला एकेक प्रश्न दवाखान्यात हाताळता येण्याजोगा आहे; सगळे मिळून नाही. या माणसाला दाखल करणं हेच बरोबर उत्तर. आधी फिट किंवा डिलिरियम होऊन गेलेले, घरी सोबत नसलेले आणि गरोदर स्त्रिया यांच्याबाबतही तेच.

क्रम असा लागतो. पहिल्या आठवड्यात फक्त दारू. थायमिन, बेन्झोडायझेपिन, साखर-पोटॅशियम-मॅग्नेशियमवर नजर, मधुमेहाच्या गोळ्यांचा फेरविचार. ट्रामाडॉल आणि झोपेची गोळी या आठवड्यात बंद करायची नाही. फिटचा धोका मोठा वाटला तर ट्रामाडॉल बदलायचा निर्णय वॉर्डात, देखरेखीखाली. त्यानंतर काही आठवड्यांत ट्रामाडॉल उतरवायचं. अल्प्राझोलाम सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू: दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के, म्हणजे कित्येक महिने. त्यासाठी ते लांब पल्ल्याच्या डायझेपामवर नेता येतं, पण अर्धा ते एक मिलिग्रॅम अल्प्राझोलाम बरोबर १० मिलिग्रॅम डायझेपाम हे गणित तक्त्यागणिक बदलतं. म्हणून खालचा आकडा धरून सुरुवात करायची आणि दोन दिवसांनी रुग्णाला पाहायचं. सिगारेटला मात्र रांगेत उभं करायची गरज नाही. ‘एका वेळी एकच व्यसन’ हा जुना सल्ला. दारूसोबत तंबाखू सोडली की दारू सोडणं त्यामुळे बिघडतं असं बहुतेक अभ्यासांत दिसलेलं नाही. उदासीचं औषधही शक्यतो दोन ते चार आठवडे दारूविना गेल्यावर ठरवावं, कारण बऱ्याच जणांची उदासी दारूसोबतच ओसरते. आत्महत्येचे विचार असतील तर अर्थातच थांबायचं नाही.

पुन्हा पिऊ नये म्हणून जी औषधं आहेत, तिथेही हीच परीक्षा. नालट्रेक्सोन रोज ५० मिलिग्रॅम, पण ते अफूजन्य औषधांचे रिसेप्टर अडवतं. ट्रामाडॉल चालू असताना दिलं की तासाभरात तीव्र माघार. शेवटच्या गोळीनंतर ७ ते १० दिवस गेलेले हवेत. अकॅम्प्रोसेट ६६६ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. यकृताला त्रास नाही, पण किडनीतून बाहेर पडतं, म्हणून मधुमेहाच्या रुग्णात आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी. या औषधांबद्दल डॉक्टरांमध्ये विनाकारण अनास्था आहे. २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार अकॅम्प्रोसेट घेणाऱ्या दर १२ जणांमागे एकाचं आणि नालट्रेक्सोन घेणाऱ्या दर २० जणांमागे एकाचं पुन्हा पिणं टळतं. रोज लिहून दिल्या जाणाऱ्या कित्येक औषधांचे आकडे याहून मोठे, म्हणजे वाईट आहेत.

डायसल्फिराम वेगळ्या जातीचं. त्यावर दारू प्यायली की ॲसिटाल्डिहाइड साचतं. चेहरा लाल, धडधड, उलट्या, बीपी कोसळणं. गोळी थांबवल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ती चहात किंवा भाजीत लपवून देण्याची मागणी घरचे हमखास करतात. त्याला ठाम नकार द्यावा. हृदय कमजोर असलेला माणूस, काहीच कल्पना नसताना नेहमीएवढी दारू प्यायला तर जाऊ शकतो.

बोलण्याचं कसब अभ्यासवर्गात सगळ्यात कमी शिकवलं जातं. ‘सोडायची तयारी किती, शून्य ते दहा?’ रुग्ण म्हणतो, ‘चार.’ इथे बहुतेक डॉक्टर विचारतात, ‘चारच का?’ आणि रुग्ण न सोडण्याची कारणं मोजू लागतो. ‘दोन का नाही म्हणालात?’ असं विचारलं की तो सोडण्याची कारणं स्वतःच्या तोंडाने सांगतो. ‘मुलगी बोलत नाही माझ्याशी’, ‘मागच्या महिन्यात गाडी घसरली’. ती कारणं त्याच्याच शब्दांत केसपेपरवर लिहून ठेवायची. पुढच्या भेटीत ती लागतात.

हे सगळं व्याख्यानातून शिकवता येतं का? फारसं नाही. शैक्षणिक सभांवरच्या ८१ चाचण्यांचा, वैद्यकीय पुराव्यांचे आढावे काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २००९ मधला आढावा सांगतो की अशा सभांनी डॉक्टरांच्या प्रत्यक्ष वागण्यात साधारण ६ टक्क्यांचा (मध्यक) फरक पडतो, आणि वागणूक गुंतागुंतीची असेल तर त्याहूनही कमी. वेगळी वाट दाखवली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठातले यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी. त्यांच्या हेपॅटायटिस-सीच्या क्लिनिकमध्ये नंबर लागायला आठ-आठ महिने लागत. २००३ मध्ये त्यांनी दूरच्या गावांतल्या आणि तुरुंगांतल्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र आणलं: थोडं शिकवणं आणि बाकी वेळ त्या डॉक्टरांनी मांडलेले स्वतःचे रुग्ण, नाव न घेता. २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. एकूण ४०७ रुग्णांमध्ये विद्यापीठात ५७.५ टक्के आणि या २१ ठिकाणी ५८.२ टक्के विषाणूमुक्त झाले. प्रोजेक्ट एको या नावाने पुढे हाच साचा व्यसनोपचारासाठीही वापरला गेला.

व्यसनाच्या विषयाला तो का मानवतो हे वरच्या पन्नाशीच्या रुग्णावरून कळतं. व्याख्यानात दारू एका सत्रात येते, वेदना दुसऱ्यात, मधुमेह तिसऱ्यात. त्यांची गाठ कुठे पडते हे केस मांडल्यावरच दिसतं. मांडणी एका पानात बसवावी: शेवटचा पेग आणि शेवटची गोळी कधी, आधीच्या माघारी, चालू असलेली सगळी औषधं (पिशवी उपडी करून, आठवणीवर नाही), क्रिएटिनिन आणि यकृताचे आकडे, घरी सोबत कोण, आणि डॉक्टरला पडलेला एकच नेमका प्रश्न. प्रश्न नसेल तर चर्चा भरकटते आणि तज्ज्ञाचं भाषण सुरू होतं. सीवा आणि संवाद यांचा सराव जोडीने करून घ्यावा, आणि दोन-तीन आठवड्यांनी नव्या केसवर परीक्षा. लगेच घेतलेली परीक्षा सगळेच पास होतात.

वर्गाचं फलित हजेरीपटावरून कळत नाही. त्याआधीच्या आणि नंतरच्या महिन्यातले पन्नास-पन्नास केसपेपर काढून तीन गोष्टी मोजाव्यात: किती जणांच्या कागदावर दारूचं प्रमाण आकड्यात आहे, माघारीतल्या किती रुग्णांना थायमिन मिळालं, आणि त्यांतले किती जण महिन्याच्या आत परत आले. तिसरा आकडा बहुधा सगळ्यात कमी निघतो, कारण ‘गरज वाटली तर या’ असं सांगून पाठवलेलं असतं. तारीख आणि वेळ लिहून द्यावी, पहिली भेट आठवड्याच्या आत ठेवावी, आणि मधे प्यायलात तरी यायचं, हे त्याच चिठ्ठीवर लिहावं.