युनिटमागे खर्च: काकरापार ते साक्री

अणुवीज स्वस्त पडते की सौर वीज, हा वाद नेहमीचा आहे. भुसावळ, प्रकाशा मागे टाकून तापीचं पाणी गुजरातेत उकाई धरणात अडतं आणि पुढे काकरापारच्या अणुभट्ट्यांच्या कामी येतं. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या १९९३ आणि १९९५ च्या. ७०० मेगावॅटच्या पुढच्या दोन भट्ट्यांचं बांधकाम २०१० मध्ये सुरू झालं आणि व्यावसायिक वीज मिळाली २०२३ आणि २०२४ मध्ये. एवढी वर्षं अडकलेल्या भांडवलाचं व्याज चढतच राहतं. अणुवीज महाग पडते ती इंधनापेक्षा यामुळे. याच काळात धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला (२०१३), आणि लिलावात ११-१२ रुपये युनिट असलेला सौर विजेचा दर २०२० च्या अखेरीस गुजरातेत २ रुपयांच्याही खाली आला.

मग वाद कशाचा? वाद ‘युनिटमागे खर्च’ या शब्दाचा आहे. आयुष्यभराचा खर्च भागिले आयुष्यभराची वीज, असं ते सरळ दिसतं. पण पुढचा खर्च आजच्या किमतीत आणताना वटाव लावतात, म्हणजे दर वर्षामागे ठरावीक टक्क्याने तो घटवत आणतात. बंद झालेली भट्टी मोडायला ५० वर्षांनी १०० कोटी लागतील असं धरा. वटाव १० टक्के धरला तर आजच्या कागदावर तो खर्च उरतो जेमतेम ८५ लाख. ३ टक्के धरला तर जवळपास २३ कोटी. खर्च तोच, काम तेच, फक्त टक्का बदलला. नातवाच्या नावावर कर्ज काढून सातबारा कोरा दाखवण्यासारखंच हे. भट्टी मोडण्यासाठी आपल्याकडे युनिटमागे २ पैसे बाजूला काढतात. ७०० मेगावॅटची भट्टी ८० टक्के क्षमतेने चालली तर वर्षाला ४९० कोटी युनिट, म्हणजे जेमतेम १० कोटी रुपये जमा. जळालेल्या इंधनातला किरणोत्सारी कचरा मात्र हजारो वर्षं सांभाळायचा आहे.

दुसऱ्या बाजूचा, सौरचा, हिशेबही पुरा नाही. भट्टीच्या १ मेगावॅटमधून वर्षाला ७० लाख युनिट निघतात, सौरच्या १ मेगावॅटमधून १६-१७ लाख, आणि त्याला चार-पाच एकर जमीन जाते. दिवसा पंप चालला तर केळीवाल्याची रात्रीची पायपीट वाचते, हे फार मोठं आहे. पण अंधार पडल्यावर घरात लाईट हवी तर साठवणुकीचा खर्च वेगळा.

जमिनीचं मोल तर या दरात धड धरलेलंच नाही. धुळे जिल्ह्यातल्याच विखरणच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मोबदल्यासाठी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं, त्यात ते गेले. ती जमीन वीज प्रकल्पासाठी घेतली होती; पुढे तिथे सौर प्रकल्प ठरला.

मोडण्याचा प्रश्न पवनचक्क्यांनाही आहे. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या जुन्या पवनचक्क्यांचं आयुष्य साधारण २०-२५ वर्षांचं. लोखंड आणि तांबं भंगारात जाईल. फायबरच्या पात्यांना भंगारवाला विचारत नाही, आणि पायातलं काँक्रीट कोण उपसणार हे ज्याची जमीन आहे त्याने करारात आत्ताच बघून घ्यायला हवं.