खाणीत उतरणाऱ्या शरीराचा हिशेब

मराठवाड्यात कोळशाच्या खाणी नाहीत, पायाखाली सगळा काळा कातळ. पण १९४८ पर्यंत आपण ज्या हैदराबाद संस्थानात होतो, त्याच संस्थानात, आजच्या तेलंगणात, सिंगरेणीच्या कोळसा खाणी होत्या. तिथे १८८०च्या दशकात कोळसा काढायला सुरुवात झाली. त्यामुळे खाणकामगाराच्या तंदुरुस्तीचा प्रश्न आपल्याला परका नाही.

सुरुवातीला तंदुरुस्ती म्हणजे अंगातली ताकद, बस्स. धडधाकट दिसला की उतरवायचा, थकला की दुसरा आणायचा. कायद्याने आधी हात घातला तो वयाला आणि तासांना. १९२३च्या खाण कायद्याने जमिनीखालचे काम आठवड्याला ५४ तासांवर आणले. १९२९ मध्ये बायकांना खाली उतरवणे टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरले. महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ मध्ये ही बंदी उठवली गेली, १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली.

त्या काळात केंद्रात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा पट्ट्यात गेले आणि स्वतः खाणीत उतरले. जानेवारी १९४४ मध्ये वटहुकूम निघाला आणि कोळशावरच्या उपकरातून कामगार कल्याण निधी उभा राहिला; घरे, पिण्याचे पाणी, दवाखाने यांसाठी. मला हा टप्पा सगळ्यात मोलाचा वाटतो. कामगाराचे शरीर का खचते, याचे उत्तर इथे त्याच्या राहणीत आणि कामाच्या जागेत शोधले गेले.

१९५२च्या कायद्याने जमिनीखालचा दिवस आठ तासांचा केला. पुढे नियमांत कामावर घेताना आणि नंतर ठरावीक वर्षांनी वैद्यकीय तपासणी आली: छातीचा एक्स-रे, फुप्फुसांची क्षमता, नजर, कान. हवेचेही माप ठरले. ओल्या बल्बचे तापमान, म्हणजे ओले फडके गुंडाळलेल्या तापमापीवरचा आकडा, ३३.५ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये, असे १९५७च्या कोळसा खाण नियमावलीने ठरवले. दमट, कोंडलेल्या हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि हृदयावरचा ताण वाढत जातो. कितीही कसलेला गडी असो, दिवसभर काम टिकवायचे तर त्याला आपल्या कमाल दमाच्या साधारण एक तृतीयांशावरच राहावे लागते.

आपल्याकडे जमिनीखाली उतरतो तो विहीर खोदणारा मजूर. ऐन उन्हाळ्यात, सात-आठ परस (म्हणजे तितके पुरुष) खोल, वारा नाही. वर दगडमाती ओढून काढणारी यारी, खाली पहार आणि घमेले. सुरुंग उडाला की धूर तळाशी साचून राहतो. पण काम उक्ते असते, म्हणून तो विरायच्या आतच डबर भरायला माणसे उतरतात. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरलेला माणूस प्राणवायूअभावी जागीच कोसळतो, मागोमाग त्याला वाचवायला उतरलेलाही. यांच्या छातीचा एक्स-रे कोणी काढत नाही, विहिरीतली हवा कोणी मोजत नाही. खाणीत जे मोजायला सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी सुरुवात झाली, ते इथल्या विहिरीच्या काठापर्यंत अजून आलेले नाही.