बघणाराच आंधळा होतो तेव्हा: वायरशार्कमधल्या दोषांची पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात पीएलसी (यंत्रं चालवणारा नियंत्रक) आणि संगणकाचं बोलणं तुटलं, किंवा निपाणी-खानापूरकडच्या केबल इंटरनेटवाल्याची लाइन अडखळू लागली, की स्विचवर मिरर पोर्ट (इतर पोर्टवरच्या वाहतुकीची नक्कल देणारं पोर्ट) लावून लॅपटॉपवर वायरशार्क उघडायचा, हा सरळ उपाय. वायरशार्क म्हणजे नेटवर्कवरची पॅकेट्स, माहितीचे छोटे तुकडे, पकडून उलगडून दाखवणारा प्रोग्राम. नेमकं त्याच वेळी एखाद्या वाकड्या पॅकेटनं वायरशार्कच बंद पाडला, तर तो डिनायल ऑफ सर्व्हिस, म्हणजे सेवाच बंद पाडणं. नेटवर्क चालूच राहतं, आंधळा होतो तो बघणारा.

जेराल्ड कॉम्ब्स यांनी 1998 मध्ये ‘इथेरियल’ नावानं हे साधन आणलं. त्यांनी नोकरी बदलली, जुनं नाव आधीच्या कंपनीकडे राहिलं, म्हणून 2006 मध्ये ते वायरशार्क झालं. कच्चेपणा मात्र नावासोबत गेला नाही, कारण तो रचनेतच आहे. प्रत्येक प्रोटोकॉलसाठी, म्हणजे संवादाच्या नियमांच्या संचासाठी, वेगळा डिसेक्टर (पॅकेट उलगडून वाचणारा कोड), बहुतेक सी भाषेत, अनेक हातांनी लिहिलेला. आणि तो वाचतो काय, तर समोरच्यानं पाठवलेली माहिती. घटकाची लांबी पॅकेटमध्येच लिहिलेली असते. तिथे कुणी शून्य लिहिलं आणि डिसेक्टरनं विश्वास ठेवला, तर वाचन पुढे सरकतच नाही. लूप जागच्या जागी फिरतो, सीपीयूचा एक कोर 100 टक्क्यांवर अडकतो. एकात एक घुसवलेल्या रचना फार खोल गेल्या तर स्टॅक (त्यासाठी राखलेली मेमरी) संपतो आणि प्रोग्राम कोसळतो. 2004 मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमनं इथेरियलला आपल्या पोर्ट्समधून, म्हणजे प्रोग्रामांच्या संग्रहातून, काढलं, ते अशाच दोषांना कंटाळून.

पुढे बंदोबस्त वाढला. बफरबाहेर, म्हणजे पॅकेटच्या माहितीच्या पलीकडे, वाचायला गेलं की डिसेक्टर थांबतो आणि ‘मालफॉर्म्ड पॅकेट’ दिसतं. ते बघून घाबरू नये. पुष्कळदा चुकीचा डिसेक्टर निवडला गेलेला असतो, एवढंच. एका पॅकेटच्या तपशिलांच्या झाडात 10 लाखांवर नोंदी होऊ लागल्या तर अनंत लूपचा संशय धरून काम तोडलं जातं. सगळ्यात मोलाचा बदल म्हणजे पॅकेट पकडण्याचं काम डंपकॅप या छोट्या प्रोग्रामकडे गेलं. रूटचे (सिस्टिमवरचे सर्वोच्च) अधिकार फक्त त्याला, डिसेक्टरना नाहीत.

तरी दोष सापडतातच. सीव्हीई-2025-1492 या क्रमांकानं नोंदवलेल्या दोषात बंडल प्रोटोकॉल आणि सीबॉर (माहिती मांडायची एक पद्धत) यांचे डिसेक्टर कोसळत होते. 4.4.0 ते 4.4.3 आणि 4.2.0 ते 4.2.10 या आवृत्त्यांत तो होता, 4.4.4 आणि 4.2.11 मध्ये मिटला. हल्ल्याची वाट दुहेरी: तारेवर सोडलेलं पॅकेट, किंवा कुणी ‘जरा बघा’ म्हणून पाठवलेली कॅप्चर फाइल. दुसरी वाट लोक विसरतात.

उबुंटू-डेबियन या लिनक्स प्रणालींवर वायरशार्कच्या नुसता आवृत्तीचा आकडा बघून निर्णय घेऊ नये. तिथे जुन्या आकड्यावरच दुरुस्ती चढवलेली असू शकते, पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) बघावा. रात्रभर पाळत ठेवायची तर वायरशार्कची खिडकी उघडी ठेवण्यापेक्षा डंपकॅपला 100 एमबीच्या 20 फाइल्सचं चक्र लावावं. 2 जीबीत भागतं, डिसेक्टर मध्ये येतच नाही. सकाळी त्या फाइल्स दुसऱ्या, अद्ययावत मशीनवर साध्या युजरनं उघडाव्यात. एखादी फाइल उघडताच वायरशार्क पडला, तर एनेबल्ड प्रोटोकॉल्समध्ये जाऊन संशयित प्रोटोकॉलची खूण काढावी आणि पुन्हा उघडावी.